उरलेल्या २५ दातांचं काय?

एका ५८ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. आठ वर्षांपूर्वी खालची डावीकडची पहिली दाढ किडल्यामुळे काढावी लागली. दुखणं थांबलं, म्हणून तिथे काही बसवलं नाही. सहा महिन्यांपूर्वी खालची उजवीकडची अगदी मागची दाढ हलायला लागली आणि काढली. महिन्यापूर्वी वरच्या डाव्या सुळ्याच्या लगेच मागचा दात उभा चिरला. त्याचं रूट कॅनॉल झालेलं होतं, तरी तोही गेला. एका डॉक्टरांनी तीन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या मुळावर बसवलेले दात, सांगितले. दुसऱ्यांनी डावीकडे खाली आणि वर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात, सुचवले आणि मागची फट सोडून द्या म्हणाले. मुलगा म्हणतो, इम्प्लांट करून टाक, आयुष्यभराची चिंता मिटेल. त्यांना स्वतःला मात्र वाटतं, की आईचे दात साठीच्या आत गेले तसे आपलेही एकेक करून जाणारच; मग दर वेळी खुर्चीत बसण्यापेक्षा सगळे एकदाच काढून कवळी बसवावी. दात घासताना कित्येक वर्षं रक्त येतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांनी शाळेतल्या मैत्रिणी भेटणार आहेत, पण हसताना तोंडावर हात जातो, म्हणून जाऊच नये असं वाटतंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना दात मोजले. अक्कलदाढा कधी आल्याच नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मुळात २८. त्यातले तीन गेले. आज तुमच्या तोंडात २५ दात आहेत. पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच येतो, आणि तोही ते काढून टाकण्याबद्दल.

जपानमध्ये १९८९ पासून एक मोहीम चालू आहे, ८०२० नावाची. वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतःचे २० दात तोंडात असावेत, एवढंच तिचं म्हणणं. साधारण २० दात चांगल्या स्थितीत असले, तर माणूस बहुतेक सगळं नीट चावून खाऊ शकतो, म्हणून हा आकडा धरला गेला. तुम्ही ५८ व्या वर्षी २५ वर आहात. म्हणून तीन फटींचं काय करायचं यावर मी येईनच, पण त्याआधी थोडा वेळ या २५ दातांपाशी थांबते.

तुमचे तीन दात तीन वेगळ्या कारणांनी गेले. पहिला किडीने, दुसरा हिरडीच्या आजाराने, तिसरा चिरल्यामुळे. यातलं किडीचं प्रकरण जुनं. चिरण्याचं कारण मला कळण्यासारखं आहे: रूट कॅनॉल झालेल्या दातात मूळचा भाग कमी उरलेला असतो, त्यावर वेळेत कॅप बसली नाही तर तो जोराच्या चावण्याने उभा दुभंगू शकतो. काळजी करण्यासारखा आहे तो दुसरा, हलायला लागलेली दाढ. कारण तो आजार त्या दाढेबरोबर गेलेला नाही. दात घासताना जे रक्त येतं, ते त्याचंच लक्षण असण्याची शक्यता मोठी आहे.

‘आईचे गेले, म्हणून माझे जाणार’ हे मी रोज ऐकते. हिरड्यांच्या आजाराला घराण्याचा कल असतो, हे खरं. पण कल म्हणजे निकाल नव्हे. तुमच्या आईंच्या तरुणपणी हिरडीखालचं किटण काढून आजार आटोक्यात ठेवण्याची सोय किती जणांच्या वाट्याला आली असेल? दात हलला की काढायचा, हाच उपाय माहीत होता. आज दात हलण्याच्या खूप आधी हा आजार पकडता येतो आणि थांबवता येतो. गेलेलं हाड बहुतांशी परत येत नाही, पण आहे ते टिकतं.

त्यात तुम्हाला मधुमेह आहे. साखर वाढलेली राहिली की हिरड्यांची सूज बरी होत नाही, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. दोन्हीकडून धक्का बसतो, तसा फायदाही दोन्हीकडून होतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे इम्प्लांटबद्दल किंवा ब्रिजबद्दल बोलण्याआधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, करून घ्या आणि तो कागद सोबत न्या.

मग डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारा: ‘माझ्या हिरड्यांची खोली मोजली का?’ त्यासाठी बारीक खुणा असलेली एक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद सरकवतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी आकडा घेतात. एक, दोन, तीन मिलिमीटर आले तर ठीक. पाच, सहा, सात यायला लागले की तिथे खिसा तयार झालाय आणि खाली हाड उतरतंय असं समजायचं. दोन्ही डॉक्टरांनी हे आकडे घेतले असतील, तर ते मागून घ्या. घेतले नसतील, तर तीन इम्प्लांट की दोन ब्रिज ही चर्चा अजून सुरूच व्हायला नको होती. पाया ओला असताना वर मजला चढवण्यातला तो प्रकार आहे.

घरी करायचं कामही आहे. बहुतेक माणसं जिथून रक्त येतं तिथे ब्रश हलका फिरवतात किंवा ती जागा टाळतातच. तुम्हीही तसं करत असाल. नेमकी तीच जागा स्वच्छ व्हायला हवी. दोन दातांमधल्या फटीसाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे, काडीएवढे छोटे ब्रश मिळतात. योग्य मापाचा ब्रश फटीत शिरताना किंचित अडकल्यासारखा वाटतो, पण ढकलावा लागत नाही. मागे-पुढे चार-पाच वेळा फिरवायचा, बाहेर काढून पाण्याखाली धुवायचा, पुढची फट. पुढच्या दातांना एक माप आणि दाढांना दुसरं लागू शकतं. ते खुर्चीतच निवडून घ्या. पहिले काही दिवस रक्त जास्तच येईल. घाबरून थांबू नका. हिरडीची सूज उतरली की आठ-पंधरा दिवसांत ते कमी होताना दिसतं. तेवढ्यानेही कमी झालं नाही, तर हिरडीच्या आत किटण आहे आणि ते डॉक्टरांनीच काढायला हवं.

आता कवळीबद्दल. तुमचा थकवा मला कळतो. एकेका दातासाठी भूल, टाके, औषधं, पुन्हा तारीख. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. पण या निर्णयात परतीची वाट नाही, म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

पूर्ण कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. वरची टाळूला चिकटून बऱ्यापैकी बसते. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची, अरुंद, आणि तिच्या मधोमध सतत हलणारी जीभ. माझ्याकडे येणाऱ्या कवळीच्या तक्रारींपैकी बहुतेक खालच्या कवळीच्या असतात. कवळीने चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या तुलनेत फार थोडी उरते, साधारण पाव भागाच्या आसपास. आणि हाडाचं काय होतं ते पाहा. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो. आपण चावतो तेव्हा त्या पडद्यातून हाडाला ताण मिळतो आणि म्हणून ते हाड राखलं जातं. मूळ गेलं की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं, वर्षानुवर्षं झिजत राहतं. आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते ती यामुळे. कवळी तीच असते, खालची जमीन खचलेली असते.

त्याच पडद्यामुळे दातांना स्पर्शही कळतो. दातांत एखादा केस आला तर तो लगेच जाणवतो ना? ती जाणीव दाताबरोबर जाते. म्हणूनच ज्यांचे बहुतेक दात खरोखरच वाचण्यासारखे नसतात, त्यांच्याही दोन-तीन चांगल्या मुळांना आम्ही जपतो आणि त्यांच्यावर कवळी बसवतो. ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्यांच्यासाठी २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एक सहमती मांडली: नुसती कवळी देण्यापेक्षा दोन इम्प्लांटच्या आधाराने बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी खालच्या सैल कवळीमुळे मऊच खाणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्यासाठी ही गोष्ट विचारून बघा. सगळा जबडा इम्प्लांटने भरायची गरज नसते. दोनांनीही जेवण बदलतं.

पण हे दात नसलेल्यांसाठी. तुमचे २५ आहेत.

मुलाच्या म्हणण्यातही एक गृहीत धरलेलं आहे: इम्प्लांट म्हणजे कायमचं. ते कुठून आलं, हे मला समजतं. स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क या संशोधकांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढताच येईना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. त्यातून पुढे १९६५ साली गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते काम देत होते, चाळीस वर्षांहून जास्त. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. इतकं चांगलं काम देणारी वस्तू आमच्या हाती दुसरी नाही.

तरी मुलाला हे सांगा. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला तोच आजार होतो, जो तुमच्या दाढेला झाला. खऱ्या दाताला हिरडीचे तंतू आडवे गुंफलेले असतात आणि जंतूंची वाट थोडी अडते. इम्प्लांटभोवती ती गुंफण नसते. त्यामुळे सूज एकदा हाडापर्यंत पोचली की वेगाने पसरू शकते, आणि दुखत नसल्याने उशिरा कळते. ज्यांना आधी हिरडीचा आजार झालेला आहे, जे धूम्रपान करतात, ज्यांची साखर आटोक्यात नाही, त्यांना हा धोका जास्त. इम्प्लांटने चिंता मिटत नाही. ती रोज रात्री दोन मिनिटांच्या ब्रशमध्ये आणि ठरलेल्या तपासणीमध्ये वाटली जाते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तुमच्या वयाच्या प्रत्येकीला मी विचारते: हाडांच्या ठिसूळपणासाठी काही गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू आहेत का, किंवा पूर्वी घेतली आहेत का? त्यातल्या काही औषधांनंतर दात काढल्यावर किंवा इम्प्लांट केल्यावर जबड्याचं हाड भरून यायला अडचण होऊ शकते. हे क्वचित होतं, पण डॉक्टरांना आधी कळायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा. आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता तुमच्या तीन फटी. मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही, एक्स-रेही नाही. तरी पत्रावरून एवढं दिसतं, की या तीन फटींना एकच उत्तर नाही.

उजवीकडची अगदी मागची फट मी बहुधा तशीच सोडली असती. चावण्याचं बहुतेक काम पहिल्या दाढा आणि त्यांच्या पुढच्या उपदाढा करतात. १९८१ मध्ये नेदरलँड्समधल्या कायसर या दंतसंशोधकांनी दाखवून दिलं, की मागच्या दाढा गेल्या तरी पुढचे सगळे दात आणि दोन्ही बाजूंच्या उपदाढा शाबूत असतील तर पुष्कळ माणसांचं नीट चालतं. तिथे ब्रिज तर नकोच, कारण मागे आधाराला दातच नाही. फक्त वरची समोरची दाढ खालच्या पहिल्या दाढेला थोडी तरी टेकते का, हे पाहायला सांगा. टेकत असेल तर ती सहसा खाली उतरत नाही. या एका फटीबाबत तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांशी मी सहमत आहे.

डावीकडची आठ वर्षांची जुनी फट थोडी गुंतागुंतीची. खिडकीजवळ आरसा घेऊन उभ्या राहा. खालच्या फटीमागची दाढ पुढे कलली आहे का? वरची दाढ शेजारणींपेक्षा लांब, खाली लोंबल्यासारखी दिसते का? दातांना समोरून आणि शेजारून आधार नसला की ते सरकतात. सगळ्यांचे सारखे नाही, पण सरकतात. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या अशा फटीचं माप घेतलं, तेव्हा वरची दाढ इतकी खाली आली होती, की दात मिटल्यावर ती खालच्या हिरडीला टेकत होती. नवा दात बसवायला उंचीच उरली नव्हती. आधी वरच्या दाढेचं काम करावं लागलं. त्या बाई एवढंच म्हणत राहिल्या, ‘पण मला कधी दुखलंच नाही हो.’

तुमच्याकडे तसं झालं नसेल, तर तिथे इम्प्लांट हा चांगला पर्याय आहे, हाडाची रुंदी आणि खालच्या नसेपासूनचं अंतर पाहून. त्यासाठी जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढतात. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात चहूबाजूंनी घासावे लागतात. दाताचं वरचं कवच एकदा घासलं की पुन्हा उगवत नाही. ते दोन्ही दात धडधाकट असतील तर मला ते करवत नाही. त्यांच्यावर आधीच कॅप किंवा मोठं फिलिंग असेल, तर मात्र ब्रिज वाजवी ठरतो, आणि त्यात शस्त्रक्रियाही टळते. या फटीची घाई नाही. आठ वर्षं थांबलंय, तर हिरड्या बऱ्या होईपर्यंत आणखी काही महिने थांबू शकतं.

घाई आहे ती महिन्यापूर्वीच्या वरच्या फटीची. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. तुम्ही लिहिलंय की पुढचा सुळा निरोगी आहे आणि मागच्या दातावर रूट कॅनॉल करून कॅप बसवलेली आहे. म्हणजे ब्रिजसाठी एका बाजूला धडधाकट सुळा घासायचा आणि दुसऱ्या बाजूला आधीच अशक्त झालेल्या दातावर दोघांचा भार टाकायचा. तुमचा चिरलेला दातही रूट कॅनॉल झालेलाच होता. या जागेसाठी मी इम्प्लांटकडे झुकते. आणि इथे तुमचं वेळापत्रक जुळतंही: या आठवड्यात हिरड्यांचे उपचार आणि साखरेची तपासणी सुरू केली, तर पुढच्या दोनेक महिन्यांत हिरडी किती सुधारली ते कळेल, आणि तोवर दात काढल्याची जागाही भरून आलेली असेल. त्या वेळी सगळं अनुकूल असेल तर इम्प्लांट बसवायचा, मग हाडाने तो धरायला साधारण तीन ते सहा महिने, आणि नंतर वरचा दात.

म्हणजे तीन नाही, एक इम्प्लांट आधी. दुसऱ्याचा विचार नंतर, पहिला कसा बसला आणि तुम्हाला रोजची स्वच्छता कशी जमली ते पाहून. खर्चही असाच टप्प्याने येतो. कुठलाही पर्याय ठरवताना डॉक्टरांना एक विचाराच: ‘हे दहा वर्षांनी बिघडलं, तर पुढे काय करता येईल?’ ज्या उत्तरात पुढचा रस्ता उघडा राहतो, त्याला मी जास्त गुण देते.

ज्यांना तब्येतीमुळे, हाड कमी असल्यामुळे किंवा खर्चामुळे इम्प्लांट शक्य नाही, त्यांनी काढता-घालता येणाऱ्या दातांना कमी लेखू नये. नीट मापाने बनवलेली धातूच्या सांगाड्याची अर्धी कवळी वर्षानुवर्षं चांगली चालते. मात्र तिच्या आकड्या ज्या दातांना धरतात, त्यांच्याभोवती किटण लवकर साचतं. ते दात रोज जास्त मन लावून घासावे लागतात. रात्री ती काढून ठेवायची, म्हणजे हिरडीला श्वास मिळतो आणि बुरशी धरत नाही. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवायची; टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. पाण्याने भरलेल्या भांड्यावर धरून धुवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही.

आणि मैत्रिणींची भेट. तोवर इम्प्लांटवरचा दात तयार होणार नाही, हे उघड आहे. पण तोंडावर हात ठेवून बसायचीही गरज नाही. डॉक्टरांना त्या एका दातापुरता तात्पुरता, काढता-घालता येणारा दात करून मागा. माप दिल्यावर काही दिवसांत होतो. त्याने कडक काही चावायचं नाही, तो दिसण्यासाठी आणि बोलण्यासाठी आहे. भरत आलेल्या जागेवर त्याचा दाब येत नाही ना, हे बसवताना तपासून घ्या. सुरुवातीला ‘स’ आणि ‘श’ अडखळतील, तोंडात लाळ जास्त येईल. रोज दहा मिनिटं मोठ्याने काहीतरी वाचा, जुनी पत्रं चालतील. आठवड्याभरात जीभ त्याला ओळखायला लागते. भेटीच्या किमान पंधरा दिवस आधी तो हातात असेल अशी तारीख आजच घ्या, आणि मैत्रिणींना येते म्हणून कळवून टाका.